संतवाणीचा सातासमुद्रापलीकडील श्रोता

धायरीच्या धारेश्वरापुढे एका आषाढी एकादशीस आमचे कीर्तन झाले. उत्तररंगात संत बहिणाबाईंचे आख्यान लावले होते. ओघात डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांचा उल्लेख आला. आरतीनंतर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “बुवा, हरिकथेत मिशनऱ्याचे नाव कशास?” प्रश्न प्रामाणिक होता, त्याचे उत्तर आजच्या पुण्यदिनी देतो.

अ‍ॅबट (१८५३–१९३२) हे अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक. मुंबईत त्यांनी कार्य केले ते स्वधर्माच्या प्रसारार्थ, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु सांगावयास आलेला हा पुरुष संतवाणीचा श्रोता झाला. स्वदेशी परतल्यावर उतारवयात त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला आरंभिली. एकनाथ, दासोपंत, तुकाराम, रामदास यांची चरित्रे तीत आली. १९२९ साली बहिणाबाईंचे आत्मनिवेदन मूळ मराठी अभंगांसह निघाले. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ मध्ये रचलेल्या ‘भक्तविजया’चे ५७ अध्याय त्यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने इंग्रजीत नेले. अ‍ॅबट यांच्या निधनानंतर, १९३३–३४ मध्ये, तो अनुवाद प्रसिद्ध झाला.

असाच दुसरा पुरुष चीन देशी होऊन गेला. स्कॉटलंडचे मिशनरी जेम्स लेग (१८१५–१८९७) यांनी हाँगकाँगमध्ये अध्यापन करीत कन्फ्यूशियसादिकांचे ग्रंथ वांग ताओ या चिनी विद्वानाच्या साहाय्याने अनुवादिले. १८७६ मध्ये ते ऑक्सफर्डचे चिनी भाषेचे पहिले प्राध्यापक झाले. भरतभूमीत येऊन गेलेल्या फाहियानाचा प्रवासवृत्तान्तही त्यांनी १८८६ मध्ये इंग्रजीत आणला. उभयतांनी त्या त्या भूमीतील पंडिताजवळ बसून अर्थ जाणून घेतला. जिज्ञासूचा हा विनय आम्हांस वंदनीय वाटतो.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. ब्राह्मण कुळातील बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले, तेव्हा प्रत्यक्ष पतीनेच विरोध केला. जात पाहावी की वाणी, हाच तेव्हाचा पेच होता. बहिणाबाईंनी वाणी पाहिली. मग त्यांच्याच वाणीची सेवा करणाऱ्याचा पंथ आम्ही का विचारावा? त्याची सर्व मते आम्हांस मान्य असावीत असे थोडेच आहे!

खंत वाटते ती निराळीच. परक्याने वृद्धापकाळी ओवीओवी झिजून ज्या पोथीचा अर्थ लावला, ती आपल्या देव्हाऱ्यात तांबड्या वस्त्रात बांधलेलीच असते. आज फराळानंतर ती गाठ सोडावी आणि घरातील मुलांना जवळ घेऊन ‘भक्तविजया’चा एक तरी अध्याय वाचावा. एकादशी तेवढ्याने सफल होईल.