नाव मोठं, पातं जाड

कोरीगडावर कोराईदेवीच्या देवळापाशी आम्ही चौघं काकडी खायला बसलो होतो. कापायचा मान माझा, कारण नवा चाकू माझ्या खिशात होता. कंपनी अशी की चाकूंचा नाद असलेला माणूस नाव ऐकूनच मान डोलावेल, आणि किंमत अशी की घरी निम्मीच सांगितली होती. काळं पातं, धार अर्धी सरळ आणि अर्धी दातेरी, अंगठ्याने खटकन उघडणारं. काकडीवर टेकवून दाबलं. पातं अर्ध्यापर्यंत गेलं, ‘कट्’ असा आवाज झाला आणि पुढची फाक उडून गवतात पडली. दुसऱ्यांदाही तेच. मग शेजारच्याने सॅकमधून भाजीबाजारात वीस-तीस रुपयांना मिळते तसली प्लास्टिकच्या मुठीची सुरी काढली, पातळ चकत्या केल्या आणि मीठ लावून पुढे ठेवल्या. एक अक्षर बोलला नाही, ते जास्त लागलं.

काही दिवसांनी तोच चाकू पौडच्या रस्त्यावर पाल टाकून बसलेल्या एका लोहारमामांना दाखवला. आपण नखावर धार बघतो, तसं त्यांनी काही केलं नाही. पात्याला दोन्हीकडून चिमटीत धरलं आणि बोटं धारेकडून पाठीकडे सरकवत नेली. “दादा, धार हाय की याला. पन धारंच्या मागं पोट लई. ही पाचर झाली. पाचर लाकूड फोडती, काकडी कापत न्हाय.”

नावाजलेल्या कंपन्यांच्या फसलेल्या चाकूंबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, पण एवढं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. आत शिरायचं काम धार करते. शिरल्यानंतर पुढे सरकायचं की अडकायचं, हे धारेच्या मागची जाडी ठरवते. वीस रुपयांच्या सुरीचं पोलाद सुमार असतं, पण पातं जेमतेम मिलिमीटरभर जाड. माझ्या चाकूचं पातं पाठीला साडेतीन-चार मिलिमीटर होतं आणि ती जाडी खाली फारशी उतरलेलीच नव्हती. असं जाड पातं दुकानाच्या काचेआड दणकट दिसतं, म्हणूनच ते विकलं जातं.

‘एवढी मोठी कंपनी, मग सगळेच चाकू चांगले’

पात्यावरचं नाव आणि पातं घडवणारे हात एकाच छपराखाली असतीलच, असं नाही. याचं एक जुनं उदाहरण स्विस चाकूचंच. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९० मध्ये शिपायांसाठी घडीचा चाकू ठरवला, तेव्हा एवढा माल पुरवू शकेल असा कारखाना त्या देशात नव्हता. पहिली खेप आली जर्मनीतल्या झोलिंगेनहून. इबाख गावच्या कार्ल एल्झेनरने १८९१ मध्ये आपले चाकू सैन्याला द्यायला सुरुवात केली. आजची व्हिक्टोरिनॉक्स ती हीच. म्हणजे पहिला ‘स्विस’ चाकू जर्मन होता, आणि लाल तर नव्हताच. मूठ काळपट लाकडाची होती.

उलटी उदाहरणंही आहेत. अमेरिकेतली श्रेड ही जुनी, मानाची कंपनी. न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिलचा तिचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला आणि नाव दुसऱ्यांनी विकत घेतलं. त्यानंतर त्याच नावाने आशियात बनवलेले चाकू बाजारात आले. आजोबांचा श्रेड वीस वर्षं चालला म्हणून नातू तेच नाव बघून चाकू घेतो, पण त्याच्या हातात येते ती वेगळ्याच कारखान्याची वस्तू. फ्रान्समधल्या लागिओलचा घोटाळा याहून मोठा. ते मुळात एका गावाचं नाव, आणि तिथल्या घडणीचे चाकू जगभर प्रसिद्ध. पण नुसत्या त्या नावावरून चाकू कुठे बनला ते कळत नाही. गावातल्या कारागिराच्या चाकूवरही तेच नाव आणि कुठल्याशा कारखान्यातल्या स्वस्त मालावरही तेच.

आणि कारखाना एकच असला तरी कंपनी वरच्या किमतीत एक माल काढते, खालच्या किमतीत दुसरा. खालच्यावर छाप तोच असतो. काटकसर केलेली असते पात्याच्या घासकामात आणि बिजागरीच्या वॉशरमध्ये, जिथे गिऱ्हाईक बघत नाही.

यावरून ‘चीनमध्ये बनवला म्हणजे टाकाऊ’ असं कुणी म्हणेल तर तेही खोटं. ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांग शहराचा हा मोठा धंदा आहे आणि तिथून रद्दी माल निघतो तसे अव्वल चाकूही निघतात. पैसे मोजून काय करवून घेतलं, यावर सगळं.

‘स्टीलचं नाव वाचलं की चाकू कळला’

पात्यावर नुसतं ‘४४०’ कोरलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नये. ४४० मध्ये ए, बी आणि सी असे प्रकार आहेत. ए मध्ये कार्बन साधारण ०.६० ते ०.७५ टक्के, सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. धार किती टिकेल यात एवढ्याने बराच फरक पडतो. ज्याने सी वापरलं तो पुढचं अक्षर लिहायला विसरत नाही. ‘सर्जिकल स्टील’ हे तर कुठल्या एका पोलादाचं नावच नाही, जाहिरातीचा शब्द आहे.

पण अक्षर नीट लिहिलेलं असलं तरी गोष्ट अर्धीच. उरलेली अर्धी आहे पाण्याची. लोहार कोयता तापवून, ठोकून झाला की त्याला पाणी देतो. लाल झालेलं पातं बुडवलं की ते कडक होतं, इतकं की दगडावर पडलं तर काचेसारखं तुटेल. मग ते पुन्हा जरा शेकून थोडं नरम करतात. शेकताना घासलेल्या पात्यावर रंग चढतात, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. कुठल्या रंगाला थांबायचं, यात लोहाराची सगळी विद्या. ट्रकच्या कमानीचा तोच पाटा, पण एकाचा कोयता दोन पावसाळे धार धरतो आणि दुसऱ्याचा पहिल्याच राबाच्या फांद्या तोडताना वाकतो.

कारखान्यातही हेच घडतं, फक्त भट्टी विजेची असते. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० नंबरचा घडीचा चाकू १९६४ पासून चालू आहे. त्याचं आजचं पोलाद ४२० एचसी म्हणजे कागदावर मध्यमच. पण पॉल बॉस नावाच्या माणसाने त्याला पाणी देण्याची जी रीत बसवली, तिने ते रॉकवेल मापावर ५८ च्या आसपास जातं आणि लोक त्याची तारीफ करतात. दुसऱ्याने तेच पोलाद घाईत उरकलं, तर दोन आंब्यांच्या पेट्या उघडेपर्यंत धार बसते.

कडक म्हणजे चांगला, असंही समजू नका. व्हिक्टोरिनॉक्सची पाती ५५-५६ वरच ठेवलेली असतात. धार लवकर जाते म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला तो शहाणपणा वाटतो. मोडण्यापेक्षा वाकलेलं बरं, आणि गेलेली धार कपाच्या बुडावरही परत येते.

‘स्टेनलेस गंजत नाही’

गंजतं, फक्त सावकाश. स्टेनलेस म्हणायला पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. त्याचा न दिसणारा थर पात्याला जपतो. घाम, मीठ किंवा लिंबाचा रस तसाच राहिला की हा थर जागोजागी खाल्ला जातो. त्यात आपला मुळशी तालुका. २०२४ च्या जुलैत ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा हवेत कुठलंही पातं चामड्याच्या म्यानात आठवडाभर ठेवून बघा. चामडं ओल धरतं आणि डाग तिथूनच सुरू होतात.

या पावसात सगळ्यात जास्त निराशा करणारा मानाचा चाकू म्हणजे ओपिनेल. फ्रान्सच्या साव्हुआ भागातला, १८९० पासूनचा, लाकडी मुठीचा, वजनाला हलका. पातं इतकं पातळ की लोहारमामा खूश होतील. पण मूठ बहुधा बीच लाकडाची, आणि आपल्या घराचं दार आषाढात फुगतं तशी ती फुगते. पातं खाचेत आवळलं जातं आणि नखाने उघडेनासं होतं. कार्बन पोलादाचं घेतलं असेल, तर कैरी कापल्यावर काळं पडतं आणि न पुसता ठेवलं की सकाळी तांबूस. म्हणून तो वाईट ठरत नाही. साव्हुआतल्या शेतकऱ्यांनाही हा त्रास होताच. मुठीचं टोक मेजावर ठोकायचं की पातं आपोआप डोकं वर काढतं, ही त्यांची युक्ती. आपण मार्गशीर्षात तो खुशाल न्यावा. ज्येष्ठ ते भाद्रपद स्टेनलेस पातं आणि प्लास्टिकची मूठ बरी.

‘खटका आहे, म्हणजे बोटं वाचली’

पातं उघडल्यावर अडकवून ठेवणारा खटका आपोआप मिटण्यापासून वाचवतो, तेही तो स्वच्छ असेल तर. अंधारबनच्या वाटेवरचा चिखल त्याच्या फटीत वाळून बसला की खटक्याची पट्टी जागेवर पूर्ण येत नाही. आपल्याला वाटतं अडकला, आणि तो नुसता टेकलेला असतो. ओपिनेलची फिरती कडी १९५५ मध्ये आली. त्याआधी लोक बिनखटक्याचेच वापरत होते. नेहमीचा ९१ मिलिमीटरचा लाल स्विस चाकूही बिनखटक्याचाच असतो. त्याने कापावं, भोसकू नये. टोक दाबून भोक पाडायला गेलात की पातं बोटांवर मिटतं आणि शिव्या कंपनीला बसतात.

‘कंपनीची धार आहे, हात लावू नका’

कंपनीची धार यंत्राच्या पट्ट्यावर काही सेकंदांत लावलेली असते. ती पहिली धार आहे, एवढंच. दर बाजूने पंधरा ते वीस अंशांत पातं धरून निसण्यावर पाण्यासोबत दहा-बारा वेळा फिरवलं, तर बरेच ‘फसलेले’ चाकू सुधारतात. सायकलवरच्या धारवाल्याकडे मात्र जपून. त्याच्या कोरड्या साणेवर ठिणग्या उडताना बघायला मजा येते, पण टोकाशी निळी पट्टी उमटली तर तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा. तेवढा भाग पुन्हा धार धरत नाही. दातेरी भागाला तर घरी धार लावणं जवळपास अशक्यच. दोरखंडाला दाते उपयोगी, पण तीन इंची पात्याचा निम्मा भाग त्यांना देऊन ना दोर नीट कापला जातो ना फळ.

जाता जाता कायद्याचं. ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमा आल्यापासून इथलं पोलाद म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं. खरं तर मुळशीतला कोयता वर्षभर राब आणि कुंपण तोडतो. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरकामासाठी व शेतीसाठी घडवलेली त्यातून वगळलेली आहेत. खिशातला छोटा चाकू त्या मापात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला असेल, तर चाकू जवळ बाळगायलाही बंदी असू शकते. सण आणि निवडणुकांच्या दिवसांत तो घरीच बरा. विमानात हातातल्या सामानात तर नाहीच.

माझ्या चाकूचं काय झालं? लोहारमामांनी कानस लावून बघितली, ती घसरली. “कडक हाय, माल चांगला हाय,” म्हणाले. मग साणेवर दोन फेऱ्या आणि एक बुचकळी, असं करत पाऊण तास त्याचं पोट उतरवलं. काळा मुलामा गेला, दातेही निम्मे गेले, आणि कंपनीची आजन्म हमी तर तिथेच संपली. पन्नास रुपये घेतले. पुढच्या खेपेला तैलबैल्याला त्याने काकडीच्या चकत्या झाल्या. शेजारच्याने एक उचलली, उजेडाकडे धरून बघितली आणि खाल्ली. सुरी अजून त्याच्या सॅकमध्ये असते.