मायक्रोमीटर ते संगणक : मापांचा प्रवास

राजकोटचे बेअरिंगचे कारखाने, लुधियानाचे सायकलींचे भाग व हातहत्यारे, कोइमतूरचे पंप, भोसरी-चाकण परिसरातील मोटारींचे सुटे भाग अशा सर्वच ठिकाणच्या लहान कारखान्यांत एक वस्तू हमखास आढळते. ती म्हणजे यंत्राशेजारी ठेवलेली तपासणीची नोंदवही. ठरावीक काळाने काही नग मोजून त्यांची मापे या वहीत लिहावीत, असा दंडक असतो. प्रत्यक्षात मात्र पाळी संपण्याच्या सुमारास सर्व रकाने एका बैठकीत भरले जाण्याचे प्रसंग कमी नाहीत. काम उरकण्याची घाई, हातांना लागलेले तेल आणि डोळ्यांवरचा ताण लक्षात घेता त्याचा सारा दोष कामगाराच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही.

मोजणारे उपकरण थेट संगणकाला जोडून माप आपोआप नोंदविण्याची पद्धत आता मोठ्या कारखान्यांपुरती राहिलेली नाही. सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांकडेही मोठे ग्राहक अशा नोंदींची मागणी करू लागले आहेत. त्यासाठी बँकेकडे कर्जप्रस्ताव येतात. यास्तव या जोडणीचे स्वरूप उद्योजक व बँक कर्मचारी या दोघांनीही समजून घेणे इष्ट ठरेल.

वहीतील माप उशिरा का पोहोचते

एक साधे उदाहरण घेऊ. सीएनसी लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट तयार होत आहे आणि ड्रॉइंगवर ‘एच ७’ ही टॉलरन्स दिली आहे. याचा अर्थ व्यास २५.००० ते २४.९७९ मिलिमीटर यांच्या दरम्यान असला पाहिजे. म्हणजे एकूण मोकळीक अवघी २१ मायक्रॉन. धातू कापताना इन्सर्टची धार झिजत जाते, तसतसा शाफ्टचा व्यास किंचित वाढत जातो. २४.९८६, २४.९८९, २४.९९२ अशी मापे येऊ लागली की पुढे काय होणार, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. वेळीच ऑफसेट बदलला, तर एकही नग वाया जात नाही. परंतु वहीत नुसते ‘ठीक’ लिहिले असेल, किंवा आकडे पाळीच्या शेवटी उतरले असतील, तर ही वाटचाल कोणाच्याच नजरेस पडत नाही.

मापांचा आलेख काढून बिघाड होण्याआधीच तो ओळखण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना दिलेल्या एका छोट्या टिपणात असा नियंत्रण आलेख प्रथम मांडला. संगणकाने त्यात नवीन गणित फारसे आणलेले नाही. माप घेतल्याच्या क्षणीच ते आलेखावर उमटू लागले, हा खरा लाभ होय.

जोडणीचे टप्पे

डिजिटल मायक्रोमीटर, डायल किंवा उंचीमापक यांच्या अनेक नमुन्यांना माहिती बाहेर पाठविणारे तोंड असते. जपानच्या मितुतोयो कंपनीची ‘डिजिमॅटिक’ पद्धत हे त्याचे परिचित उदाहरण. केबलवरील कळ दाबली की पडद्यावरील माप एका छोट्या जोडपेटीमार्फत संगणकाकडे जाते. सर्वांत स्वस्त जोडपेट्या हे माप कीबोर्डवर टंकल्याप्रमाणे संगणकात उतरवितात. त्यामुळे साध्या तक्त्यातही ते नोंदविता येते. सोय मोठी आहे, पण एक उणीवही आहे : हा आकडा उपकरणाकडून आला की कोणी बोटांनी टंकला, हे अशा तक्त्याला ओळखता येत नाही. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने ही बाब गौण मानता येणार नाही.

त्यापुढील पद्धतींत उपकरण स्वतःची ओळख, मापाची वेळ व एकक सोबत पाठविते. १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२ या प्रमाणाची तोंडे आजही कित्येक जुन्या उपकरणांवर दिसतात. निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे व सॉफ्टवेअर यांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून १९९६ साली ओपीसी हे प्रमाण आले आणि पुढे त्याचेच ओपीसी यूए हे विस्तृत रूप प्रचारात आले. उद्योजकाने तांत्रिक तपशिलात फार खोल शिरण्याची गरज नाही. मात्र आपले जुने उपकरण कोणत्या तोंडाने बोलते, हे सॉफ्टवेअरची मागणी नोंदविण्यापूर्वी पाहिलेच पाहिजे.

नुसता आकडा पोहोचून भागत नाही. २४.९९१ हे माप कोणत्या यंत्रावरचे, कोणत्या बॅचचे, कोणत्या पाळीतले? या उत्तरांवाचून तो आकडा निराधार ठरतो. म्हणून रूट कार्डावरील बारकोड आधी वाचावा व मगच माप स्वीकारले जावे, अशी रचना केली जाते. उपकरणाच्या कॅलिब्रेशनची मुदत उलटली असेल, तर सॉफ्टवेअरने त्याचे माप घेण्यासच नकार द्यावा, हीदेखील सोय करता येते. छोट्या कारखान्यासाठी कदाचित हीच सर्वांत मोलाची सोय म्हणावी लागेल.

चुकीचे माप, अधिक वेगाने

वरील उदाहरणात ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन वाचणारा डिजिटल व्हर्निअर जोडला तर काय होईल? २१ मायक्रॉनच्या मोकळिकीत तो जेमतेम दोन पायऱ्या दाखवील. उपकरणाची वाचनक्षमता टॉलरन्सच्या एक दशांशाइतकी तरी सूक्ष्म असावी, हा रूढ संकेत. त्यानुसार येथे ०.००१ मिलिमीटर वाचणारा मायक्रोमीटर हवा. उपकरण व हाताळणारी व्यक्ती यांच्यामुळे मापात येणारा फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर मापनपद्धती समाधानकारक, ३० टक्क्यांच्या वर असेल तर अस्वीकारार्ह, असे मोटार उद्योगात मानले जाते.

तापमानाचाही विचार हवा. लांबीच्या मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन प्रसरण पावते. यंत्रातून नुकताच निघालेला, ४५ अंशांचा आपला शाफ्ट त्यामुळे सुमारे ७ मायक्रॉन मोठा असतो. म्हणजे मोकळिकीचा एक तृतीयांश भाग उष्णतेनेच खाल्ला. ऑपरेटर व्यास कमी करतो आणि रात्री थंड झालेला नग सकाळी लहान भरतो. नग थंड होऊ देणे हा यावरील उपाय. माप लावण्याचा मास्टर व नग यांचे तापमान समान ठेवले, तरीही हा फरक बव्हंशी नाहीसा होतो. सॉफ्टवेअरला हे आपण होऊन कळत नाही.

याहून नाजूक प्रश्न माणसांचा आहे. खरी मापे प्रथमच दिसू लागली की कागदावरील नापास नगांची संख्या वाढलेली भासते. वस्तुतः ते नग आधीही होते. अशा वेळी मालकाने यंत्राकडे पाहण्याऐवजी कामगाराला जाब विचारला, तर कामगार एकच चांगला नग दहा वेळा मोजून दहा उत्तम आकडे पाठवू शकतो. संगणक ते वेळेसह, नीटनेटके जपून ठेवील. पहिले काही महिने या आकड्यांवरून कोणालाही शिक्षा होणार नाही, असे मालकाने स्पष्ट सांगणे व पाळणे हा म्हणूनच जोडणीचाच एक भाग समजला पाहिजे.

बँकेच्या दृष्टीने

या मापांचा बँकेशी संबंध दरमहाच्या साठा विवरणपत्रातून येतो. समजा, १० लाख रुपयांचा तयार माल दाखविला आहे. २५ टक्के मार्जिन वजा जाता त्यावर साडेसात लाखांची ड्रॉइंग पॉवर मिळते. त्यातील एखादी बॅच मापात बसत नसेल, तर तिची खरी किंमत भंगाराची. माल ग्राहकाकडून परत येईपर्यंत हे मालकालाही माहीत नसते आणि तोवर रक्कम उचललेली असते. बॅचनिहाय मापे उपलब्ध असतील, तर विवरणपत्रातून असा माल वेळीच वेगळा काढता येतो. तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याने गोदामाबरोबर ही नोंदही पाहण्यास मागितली, तर ते वावगे ठरू नये.

मुदत कर्जाच्या प्रस्तावांत एक त्रुटी वारंवार संभवते. उपकरणांची किंमत कोटेशनसह दिलेली असते. परंतु जोडपेट्या, केबल, सॉफ्टवेअरचा परवाना, जुन्या यंत्रांशी जुळवणी, प्रशिक्षण आणि दरवर्षीचे कॅलिब्रेशन यांचा उल्लेख नसतो. केबल व प्रशिक्षण यांचे तारणमूल्य नगण्य असल्याने उद्योजक तो खर्च लपवितो, किंवा बँक तो वगळते, आणि मग निम्मी जोडणी खेळत्या भांडवलातून उभी राहते. प्रकल्प खर्चात या बाबी प्रथमपासून दाखविणे दोघांच्याही हिताचे आहे. पात्र प्रस्तावांना, भारत सरकार व सिडबी यांनी २००० साली स्थापन केलेल्या सीजीटीएमएसई या न्यासाच्या हमीचा आधार घेता येतो. सर्व यंत्रे एकदम जोडण्याऐवजी ज्या एका मापावरून सर्वाधिक माल परत येतो, त्याच मापापासून व एकाच यंत्रापासून प्रारंभ केल्यास कर्जाची रक्कमही आटोक्यात राहते आणि दुसऱ्या टप्प्याच्या मागणीच्या वेळी दाखविण्यास स्वतःचेच आकडे हाती असतात.