महाग सिगार : किंमत कशाची?

बाळाला घरी सोडण्याच्या दिवशी वडिलांनी पेढ्यांच्या पुड्याबरोबर माझ्या हाती एक सिगार ठेवली. गृहस्थ बरीच वर्षे अमेरिकेत राहून हैदराबादला परतलेले. मूल जन्मले की मित्रांना सिगार वाटायची, ही तिकडची जुनी रीत. "डॉक्टर, दुबईच्या विमानतळावर घेतली, अस्सल हवाना आहे. एकेकीला पाच हजार पडले," ते अभिमानाने म्हणाले. मी पेढा घेतला, सिगार परत केली. तेव्हा त्यांनी विचारले, "पण एवढे पैसे मोजण्यासारखे तिच्यात काही असते, हे तर मान्य कराल?"

मान्य करावे लागते. हाताने वळलेल्या उत्तम सिगारमध्ये कागद नसतो, चुराही नसतो. आत लांब, अखंड पानांचा गाभा, त्याला बांधून ठेवणारे दुसरे पान आणि वरून डाग नसलेले, रेशमासारखे आवरणाचे पान. हे आवरणाचे पान सर्वांत महाग. ते नाजूक राहावे म्हणून पुष्कळदा शेतावर कापडाचे मांडव घालतात. क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील वुएल्ता अबाहो हा भाग अशा तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. पाने वाळवून त्यांच्या राशी रचतात, ओलाव्याने आणि स्वतःच्याच उष्णतेने ती आंबू देतात. उग्र अमोनिया निघून गेला की पाने पुन्हा मुरवत ठेवतात. यात वर्षे जातात. मग कसबी कारागीर दिवसाला शंभराच्या आसपास सिगार वळतो. क्युबातील कारखान्यांत हे काम चालू असताना एक वाचक कारागिरांना मोठ्याने कादंबऱ्या वाचून दाखवतो. 'मॉन्टेक्रिस्टो' हे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरूनच पडले. आमच्या बाह्यरुग्ण विभागात असा एखादा वाचक असता तर!

या साऱ्या श्रमांचे मोल निकाराग्वा वा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील चांगल्या सिगारमध्ये मिळून जाते. अमेरिकेत ती १०-१५ डॉलरना येते. त्यापुढचा भाव बहुतांशी नावाचा आणि दुर्मिळतेचा. 'कोहिबा' १९६० च्या दशकात फिडेल कॅस्ट्रो यांच्यासाठी वळली जाऊ लागली आणि १९८२ मध्ये बाजारात आली. अमेरिकेने १९६२ मध्ये क्युबाच्या मालावर बंदी घातली आणि तिचे आकर्षण उलट वाढले. २०२२ मध्ये कोहिबाचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेण्यात आले. पान तेच होते.

येथवर ग्राहकाचा हिशेब झाला. डॉक्टर म्हणून पाहता विलक्षण वाटते ते हे, की ज्या गुणांसाठी पैसे मोजायचे, त्यांतलेच काही शरीराला नडतात. दीर्घकाळ आंबवल्याने चव मवाळ होते, पण त्याच प्रक्रियेत नायट्रोसमाइन ही कर्कजनक द्रव्ये वाढतात. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरते. "मी धूर आत ओढत नाही" हे समाधान म्हणूनच फसवे. पानाचे आवरण सिगारेटच्या कागदाइतके सच्छिद्र नसते. ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड अधिक तयार होतो. मोठ्या सिगारमध्ये पाकीटभर सिगारेटींएवढी तंबाखू असू शकते. सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्यांची सिगार सुटली नाही. ते स्वतः डॉक्टर होते.

आंध्र किनाऱ्यावरचा चुट्टा याच कुळातला. श्रीकाकुळम, विशाखापट्टणम भागातील स्त्रिया जळते टोक तोंडात धरून तो ओढत. टाळूचा कर्करोग आमच्या पिढीने विद्यार्थिदशेत पाठ केला, तो त्यांच्यामुळे. स्वस्तातला चुट्टा आणि हजारोंची हवाना यांच्या धुरात जातीचा फरक नाही.

मला मात्र काळजी होती त्या बाळाची. मोठी सिगार तासभर, कधी अधिकही जळते आणि तिचा बराचसा धूर जळत्या टोकातून थेट खोलीत जातो. नवजात अर्भक मिनिटाला ४० ते ६० श्वास घेते. धुराच्या घरातील मुलांत श्वसनमार्गाचे संसर्ग, दम्याचे झटके, मध्यकर्णाचा दाह आणि तान्ह्यांचा झोपेत होणारा आकस्मिक मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळते. गच्चीवर जाऊन ओढली, तरी धुराचा अंश सदऱ्यावर, दाढीत, बोटांवर राहतो आणि बाळाचे नाक नेमके बापाच्या खांद्यावर टेकते.

दीड महिन्याच्या लसीला ते आले, तेव्हा हे सारे त्यांना सांगितले. शांतपणे ऐकून ते म्हणाले, "दहाची डबी होती. आठ उरल्यात. फेकवत नाहीत हो." मी म्हटले, निदान कुलपात ठेवा; रांगते मूल थोटूकसुद्धा तोंडात घालते आणि निकोटिनच्या विषबाधेला तेवढे पुरते.

अडीच महिन्यांच्या लसीला आल्यावर त्यांनी सांगितले, डबी मेव्हण्याला देऊन टाकली. मेव्हण्यांची चार वर्षांची मुलगी दम्यासाठी माझ्याकडेच येते. त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला.