विजेची मोटारसायकल : किती वेग, किती गरज?



मागील सत्राच्या पालकसभेत एका पालकांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, “सर, मुलगा विजेची मोटारसायकल मागतो. पेट्रोल लागत नाही, लायसनही लागत नाही असे म्हणतो. घेऊन देऊ का?” मुलगा अकरावीत शिकतो. लायसन लागत नाही हे खरे नाही, एवढे आम्ही त्यांना तिथेच सांगितले. बाकीचे उत्तर देण्यासाठी मात्र थोडा अभ्यास करावा लागला. तो सर्वांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या गाडीत विशेष काय ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फेरे वाढवावे लागतात. म्हणून क्लच आणि गिअर आले. विजेच्या मोटरला जवळजवळ पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. या जोराला ‘टॉर्क’ म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तिथे आम्ही त्याला ‘बल-आघूर्ण’ म्हणून पाठ केले होते. सोप्या भाषेत सांगायचे तर चाक फिरवणारी ताकद. बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीने २०२४ मध्ये आणलेल्या ‘एफ ७७ मॅक २’ या गाडीच्या वरच्या प्रकारात ३० किलोवॅटची मोटर आहे. शून्यापासून ताशी ६० किलोमीटरचा वेग ती ३ सेकंदांच्या आत गाठते आणि तिचा कमाल वेग ताशी १५५ किलोमीटर आहे, असे कंपनी सांगते.

या क्षेत्रात मराठी माणूसही मागे नाही. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या समुद्रात ‘आयल ऑफ मॅन’ नावाचे बेट आहे. तिथल्या डोंगरी रस्त्यावर शंभराहून अधिक वर्षे मोटारसायकलींच्या शर्यती होत आल्या आहेत. २००९ मध्ये तिथे प्रथमच केवळ विजेच्या गाड्यांची शर्यत झाली आणि तीत पुण्याच्या कपिल शेळके यांचा चमू स्वतः बनवलेली गाडी घेऊन उतरला. पुढे त्यांच्या टॉर्क मोटर्सने २०१६ मध्ये ‘टी ६ एक्स’ ही गाडी लोकांपुढे मांडली आणि २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी ‘क्रॅटोस’ बाजारात आणली. शर्यत ते बाजार, मध्ये तेरा वर्षे गेली. ‘झटपट यश’ शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

त्याच बेटावरची आणखी दोन वर्षे पाहा. २००९ च्या विजेत्या गाडीचा सरासरी वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर होता. २०१९ मध्ये तो ताशी १९६ किलोमीटरवर पोचला. दहा वर्षांतली ही प्रगती थक्क करणारी आहे. परंतु ही शर्यत एकाच फेरीची, म्हणजे सुमारे ६० किलोमीटरची असे. हळर्णहून म्हापशाला जाऊन येण्यापेक्षा फार जास्त नाही! पेट्रोलच्या गाड्या त्याच रस्त्यावर अनेक फेऱ्या मारतात. मग विजेच्या गाडीला एकच फेरी का? याचे उत्तर बॅटरीत आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. एक लीटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. वर सांगितलेल्या एफ ७७ च्या मोठ्या बॅटरीत १०.३ युनिट मावतात. म्हणजे एवढी मोठी, जड आणि महाग बॅटरी, पण तीत ऊर्जा सव्वा लीटर पेट्रोलपेक्षाही कमी! तरीही चाचणीच्या प्रमाणित पद्धतीने ती गाडी एका चार्जमध्ये ३२३ किलोमीटर जाते असे कंपनी म्हणते. हे कसे शक्य होते? पेट्रोल इंजिन मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकापर्यंत पोचवते, बाकीची उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटर मात्र दहापैकी नऊ भाग कामी लावते. शिवाय उतारावर किंवा ब्रेक लावताना तीच मोटर जनित्राचे काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते.

आता अडचण कुठे येते ते पाहा. गाडी वेगात गेली की हवा तिला अडवते. वेग दुप्पट केला तर हवेला कापण्यासाठी लागणारी शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून जी गाडी ५० च्या वेगाने दूर जाते, तीच शंभरच्या वेगाने पळवली तर बॅटरी भराभर रिकामी होते. कागदावर वेग आणि अंतर हे दोन्ही आकडे मोठे दिसतात, पण रस्त्यावर दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. २०१९ ते २०२५ या काळात विजेच्या मोटारसायकलींची ‘मोटो-ई’ ही जागतिक स्पर्धा चालली. तिच्या अखेरच्या तीन हंगामांत डुकाटीच्या गाड्या धावल्या. त्या गाडीचे वजन २२५ किलो होते, त्यातले ११० किलो एकट्या बॅटरीचे. पेट्रोलच्या मोटो-जीपी गाडीचे किमान वजन १५७ किलो. २०२५ च्या हंगामानंतर मोटो-ई थांबवण्यात आली.

आता घरचा हिशेब. आमच्या गावातले अनेक तरुण रोज म्हापसा, पणजी किंवा मोपाच्या विमानतळावर कामाला जातात. एखाद्याचे रोजचे जाणे-येणे ५० किलोमीटर धरू. साध्या पेट्रोल गाडीने लीटरला ४५ किलोमीटर दिले आणि पेट्रोल शंभर रुपये धरले, तर दिवसाला सुमारे ११० रुपये लागतात. विजेच्या गाडीला त्याच अंतरासाठी अडीच युनिट धरले आणि युनिटला ५ रुपये, तर साडेबारा रुपये. महिन्याला २५ दिवस मोजले तर वर्षाला २९ हजारांच्या आसपास बचत. ही बचत खरी आहे आणि कमी पगाराच्या घरात ती लहान नाही. गोव्यातल्या मोटारसायकल पायलटाला तर ती अधिकच जाणवेल, कारण त्याचे दिवसाचे अंतर जास्त.

परंतु एफ ७७ मॅक २ ची किंमत २०२४ मध्ये बाजारात आली तेव्हा २ लाख ९९ हजारांपासून सुरू होत होती आणि मोठ्या बॅटरीची गाडी ३ लाख ९९ हजारांची होती. एक लाखाची साधी गाडी आणि ही गाडी यांतला दोन-तीन लाखांचा फरक भरून काढायला वरच्या बचतीची सात ते दहा वर्षे लागतील. त्यात कर्जाचे व्याज आणि जुन्या बॅटरीचा खर्च धरलेला नाही. याउलट साधी विजेची स्कूटर हीच बचत करून देते आणि फरक दोन-तीन वर्षांत फेडते. तात्पर्य असे की, बचत विजेमुळे होते आणि जास्तीचे पैसे वेगासाठी जातात. पालकांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्यात.

कंपनी टिकेल का, हाही प्रश्न विचारावा. मोटो-ईला पहिली काही वर्षे गाड्या पुरवणारी इटलीची एनर्जिका कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. गाडी उत्तम असली तरी सुटे भाग आणि दुरुस्ती मिळाली नाही, तर ती अंगणात उभीच राहते. साधे इंजिन गावातला मेस्त्री उघडतो. ही बॅटरी त्याने उघडू नये, आणि त्याला तसा आग्रहही करू नये.

सुरक्षेविषयी थोडे स्पष्ट लिहितो. २०२२ च्या सप्टेंबरात सिकंदराबादेत विजेच्या स्कूटरच्या दुकानाला लागलेली आग वरच्या लॉजमध्ये पोचली आणि आठ जणांचा जीव गेला. त्याच महिन्यात वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटात एक लहान मुलगा भाजला आणि पुढे दगावला. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. तरी काळजी आपणच घ्यायची. बॅटरी झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्ज करू नये. कंपनीचाच चार्जर वापरावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. २०२१ च्या जुलैत शापोरा नदीचे पाणी आमच्या भागात कसे चढले होते ते सर्वांना आठवत असेल. पाण्यात बुडालेली गाडी तपासल्याशिवाय चार्जिंगला लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

आता त्या लायसनविषयी. केवळ २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणारी गाडी लायसन व नोंदणीतून मुक्त आहे. वरची मोटारसायकल ३० हजार वॅटची, म्हणजे १२० पट! तिला नोंदणी, विमा, हेल्मेट सर्व लागते आणि १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ती चालवता येत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा पालकाला किंवा गाडीच्या मालकाला जबाबदार धरतो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर्षभर गाडीची नोंदणी रद्द अशी तरतूद आहे. त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसनही मिळत नाही. शिवाय ही गाडी आवाज करत नाही. आमच्या वळणांच्या अरुंद रस्त्यावर गुरे असतात, म्हातारी माणसे असतात, सकाळी शाळेची पोरे असतात. त्यांना मागून येणारी गाडी ऐकूच येणार नाही.

म्हणजे विजेची गाडी वाईट का? मुळीच नाही. धूर नाही, रोजचा खर्च थोडा, देखभाल कमी. गोव्याला बहुतेक वीज बाहेरून येते आणि देशात अजून बरीच वीज कोळशावर होते, तरीही गावातली हवा तेवढी स्वच्छ राहते. पुढील काळ या गाड्यांचाच आहे असे आम्हाला वाटते. म्हणूनच विश्वस्त मंडळाला आमची सूचना आहे की, शिक्षकांच्या विजेच्या स्कूटरसाठी चार्जिंगची सोय करावी, परंतु ती वर्गांपासून दूर, उघड्या शेडमध्ये आणि योग्य अर्थिंगसह असावी.

त्या पालकांना आमचे उत्तर असे : मुलाला आज गाडी देऊ नका, हे गणित करायला द्या. अठरा पूर्ण झाली, कमाई सुरू झाली की त्याने स्वतः हिशेब करून साधी विजेची गाडी घ्यावी. आणि ज्याला वेगाचीच ओढ असेल त्याने पुण्याच्या त्या तरुणांसारखे मोटर आणि बॅटरी यांचे शास्त्र शिकावे. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा दर शनिवारी उघडी असते.