जुनी साडी, मीठ-साखर आणि काळी पडणारी बाटली



पावसाळा लागला की गटाच्या बैठकीत कर्जाची कारणं बदलतात. बी-बियाणं आणि खतं झाली की पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, "पोराला जुलाब लागलेत, सलाईन लावायला न्यायचंय." दवाखान्याचा खर्च, गाडीभाडं, बुडालेली रोजंदारी आणि वर कर्जाचं व्याज. या दुखण्यावर शास्त्रज्ञांनी शंभर-सव्वाशे वर्षं डोकं लावलंय. त्यातून निघालेले तीन उपाय आपल्या हातातले आहेत. ते कुठून आले आणि कसं काम करतात ते समजून घेऊ. कारण कळलं की सवय टिकते.

आजार पाण्यातून कसा येतो?

आपल्या आज्या ज्याला पटकी म्हणायच्या, तो कॉलरा. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात त्याचा जंतू ओळखला. तो तिथल्या तलावाच्या पाण्यातही सापडला. पण जंतू पोटात जाऊन नेमकं करतो काय, हे कळायला १९५९ साल उजाडलं. कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं, की हा जंतू आतड्यात एक विष सोडतो. त्या विषामुळे अंगातलं पाणी आणि मीठ आतड्यात झिरपून बाहेर पडतं. म्हणजे माणूस दगावतो तो अंगातलं पाणी संपल्यामुळे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जुन्या साडीची घडी

बांगलादेशात बायका तळ्याचं, नदीचं पाणी भरायच्या. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना हजारोंनी चिकटून बसतात, हे रीटा कोलवेल आणि अन्वर हक यांच्या अभ्यासात दिसलं. एकटा जंतू कापडातून आरपार जातो, पण किडा अडकला तर त्याच्यावरचे जंतूही अडकतात. मग त्यांनी सुती साडीची ४ ते ८ पदरी घडी घेऊन बघितली. नव्या साडीपेक्षा जुनी जास्त कामाची ठरली. धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि भोकं बारीक होतात. मतलब भागातल्या ६५ गावांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकवस्तीत हा प्रयोग झाला. २००३ साली त्याचा निकाल छापून आला. जिथे साडीने पाणी गाळलं, तिथे कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला होता.

आपण हंड्यावर फडकं बांधतोच. पण ते एकपदरी असतं आणि आठ-आठ दिवस तसंच राहतं. घडी निदान चार पदरी करा. रोज धुऊन कडक उन्हात वाळवा, ऊन नसेल तर उकळत्या पाण्यातून काढा. वरची बाजू कायम वरच ठेवा.

एक मात्र सांगायलाच हवं. गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण सुटे जंतू त्यात राहतातच. म्हणून गाळल्यावर पाणी उकळा, नाहीतर आशाताईंकडून मिळणारं क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका आणि अर्धा तास थांबा. गाळणं ही पहिली पायरी झाली, शेवटची नाही.

बाटली काळी पडली तर?

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण मिळतं. त्यांच्याकडे एक छोटी बाटली असते. ही तपासणी १९८२ साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि बाटली उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ते एक वायू तयार करतात. त्याची बाटलीतल्या औषधाशी गाठ पडली की पाणी काळं होतं. काळं झालं तर ते पाणी तसंच पिऊ नका. लगेच ग्रामपंचायतीला कळवा, टीसीएल पावडर टाकायला लावा आणि पुन्हा तपासा.

मीठ, साखर, पाणी

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो माणसं सीमा ओलांडून आली. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याची पुडी पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली. पाजणारे कोण? रुग्णांचेच नातेवाईक. जिथे शंभरातले तीसेक जण दगावत होते, तिथे हा आकडा चारच्या खाली आला. डॉक्टरांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

हे पाणी का चालतं? आतड्यात साखर आत घेणारं एक दार असतं. साखर आत जाताना मिठाला सोबत नेते आणि मिठामागे पाणी जातं. जुलाबातही हे दार उघडं असतं. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर दोन्ही लागतं.

ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात एकाच वेळी पूर्ण मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, घोट-घोट पाजा. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्याही घ्या आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

"जुलाब लागलेत, पाणी देऊ नको" असं अजूनही घरोघरी सांगतात. सासूबाई सांगोत की शेजारीण, हे ऐकू नका. अंगावरचं दूधही तोडू नका. मात्र मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त आलं किंवा काही पिईना, तर वाट बघू नका. दवाखाना गाठा आणि वाटेतही पाजत राहा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. गटाच्या पेटीत ओआरएसची पाकिटं आहेत का बघा, आणि आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली शेवटची कधी भरली होती ते विचारा. उत्तर येत नसेल, तर त्याच दिवशी भरा.