उंची खडकाची, नजर पहारेकऱ्याची

बंगळूरच्या लालबागेतल्या खडकाळ टेकडीवर चढलं की माथ्यावर एक छोटासा दगडी मंडप लागतो. हा टेहळणीचा केंपेगौडा मनोरा. असेच आणखी तीन मनोरे शहरात आहेत: उत्तरेला मेखरी सर्कलजवळ, पूर्वेला हलसूर तलावाकाठी आणि नैऋत्येला केंपांबुधी तलावाजवळ. विजयनगरचा मांडलिक पहिला केंपेगौडा याने १५३७ मध्ये मातीचा किल्ला बांधून बंगळूरची पेठ वसवली. मनोऱ्यांचं श्रेय काही अभ्यासक त्याला देतात, तर काही त्याच्या वारसाला.

मंडप इतका बुटका, मग टेहळणी कशी व्हायची? सपाट जमिनीवर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे हे अंतर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. नजर दुप्पट लांब पोचवायची तर उंची चौपट हवी. नजर २५ मीटर उंचीवर नेली, तर क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर सरकतं. एवढी उंची बांधकामातून मिळवायची तर अफाट दगड आणि मजूर लागतील. लालबागेत ते काम निसर्गानेच करून ठेवलं होतं.

ही टेकडी नाइस या रूपांतरित खडकाची आहे आणि तिचं वय सुमारे तीन अब्ज वर्षं आहे. फिकट आणि काळपट पट्टे तिच्या अंगावर स्पष्ट दिसतात. दक्षिण भारतातल्या अशा खडकांना भूवैज्ञानिक ‘पेनिन्सुलर नाइस’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने या टेकडीला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. आजूबाजूची जमीन झिजली, मग हीच का उरली? भेगाळलेल्या खडकात पाणी मुरतं, त्यातल्या फेल्डस्पारची चिकणमाती होते आणि खडक भुसभुशीत होतो. जिथे भेगा विरळ, तिथे पाण्याला शिरकावच कमी, त्यामुळे खडक तगून राहतो.

दोन मनोरे तलावांपाशी असण्यालाही अर्थ आहे. बंगळूरला बारमाही नदी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच अशा जलविभाजकावर हे शहर वसलंय. केंपांबुधीकडचं पाणी वृषभावतीतून अर्कावतीला जातं, तर हलसूरकडचं दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात. अशा गावात तळ्यावरची नजर ढळून चालत नाही.

अर्थात मनोरा इशारा देतो, लढाई जिंकून देत नाही. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखालच्या विजापुरी फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे दीडेक शतकाने, १८०० मध्ये, ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने बंगळूरजवळच सर्वेक्षणाची आधाररेषा मोजली. तिथून पुढचे त्रिकोण आखायलाही दूरवरून दिसणारे माथेच लागले. पहारेकऱ्याची आणि मोजणीदाराची गरज एकच होती: मध्ये काही आड न येणारी सरळ दृष्टिरेषा.

लालबाग आणि मेखरी सर्कलचे मनोरे एकमेकांपासून सुमारे सात किलोमीटरवर आहेत. या अंतरात गोलाईची अडचण नगण्य. आज आड येतात त्या इमारती. म्हणून आता मनोऱ्यांच्या जतनाचा विचार करताना केवळ मंडपाची डागडुजी पुरेशी नाही. त्याच्या पायाखालचा खडक आणि समोरचं मोकळं आकाश हेही त्या वास्तूचेच भाग आहेत.