पोरगा काम शोधत नाही, की शोधून थकला?

गोंदिया : रोवणी जुलै-ऑगस्टात, कापणी दिवाळीच्या आसपास. मधल्या दिवसांत हाताला काम नसलेली पोरं पारावर मोबाईल घेऊन बसलेली दिसली की म्हातारी माणसं म्हणतात, "या पोट्ट्यांना कामच नको." आळशी माणसं सगळीकडे असतात. पण बहुतेकांचा काम शोधण्याचा जोर इतर कारणांनी कमी-जास्त होतो.

खर्च : काम शोधायला पैसा लागतो. २०२३ च्या तलाठी भरतीत अर्जाची फी खुल्या गटाला १००० रुपये, राखीव गटाला ९०० रुपये होती. देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून नागपूरला मुलाखतीला जायचं तर भाडं, जेवण आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी वेगळीच. म्हणजे ज्याला कामाची जास्त गरज, त्याच्याच खिशात शोधायला पैसा नाही. इथिओपियाच्या अदीस अबाबा शहरात संशोधकांनी बेरोजगार तरुणांना फक्त बसभाडं देऊन पाहिलं. तेवढ्यानेच त्यांचं काम शोधणं वाढलं. मुलींच्या बाबतीत भाड्यासोबत घरची परवानगी आणि शेवटच्या बसची वेळही आडवी येते.

आशा : त्याच तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. एका जागेमागे दोनशेच्या वर उमेदवार. अशा दोन-तीन भरत्या हुकल्या की मन म्हणतं, आता कशाला फॉर्म भरायचा? बाहेरून हा आळस दिसतो, आतून ती हार असते.

वाट पाहणं : पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करतात. त्यांची मेहनत खरी आहे, पण दार एकच ठोठावतात. घरी थोडी शेती, धानाचा आधार असेल तर वर्ष-दोन वर्ष थांबता येतं. ज्याच्या घरी दुसरा कमावता नाही, तो मिळेल ते काम धरतो, मग शिक्षण कितीही असो.

ओळख : नोकरीची खबर कुठून येते? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं की जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीची माणसं इथे जास्त उपयोगी पडतात. कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. गावातला एक जण पुण्याला कंपनीत लागला की मागून चार जातात, ते यामुळेच.

रिकामा वेळ : ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाच्या गावातली कापड गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. तिथे राहून अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की वेळ भरपूर असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी केलं, फी माफ केली तरी. माणसांची चालसुद्धा मंदावली होती. बेकारी लांबली की काम शोधायची ताकदच कमी होत जाते.

मग घरच्यांनी काय करावं? टोमणे मारून अर्ज वाढत नाहीत. महिन्याचं भाडं आणि फीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. एका भरतीची तयारी चालू असताना दुसरीकडेही अर्ज करायला लावा आणि किती वर्षं वाट पाहायची ते घरात बसून आधीच ठरवा. बाहेरगावी कामाला असलेल्या नातेवाइकांना, जुन्या वर्गमित्रांना फोन करायला लाजू नका. महास्वयम पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. "नोकरी लावून देतो" म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि पोरगा महिनाभर एकही अर्ज न करता बसला असेल, तर आधी शांतपणे विचारा, शेवटचा अर्ज कुठे केला होता आणि त्याचं काय झालं.